फक्त 'हो' म्हणणारं डोकं

शेवटी मोठ्या बाईंचं डोकं कापावं लागलं. मागच्या बाजूने, मानेपासून थेट अंबाड्यापर्यंत, उभं. काम माझ्या ताईने केलं. मोठ्या बाई स्वतः शेजारी उभ्या होत्या आणि "सरळ काप गं, माझा अंबाडा वाकडा नाहीये," असं मधूनमधून बजावत होत्या.

असं काही घडलेलं नाही.

त्या दिवशी आमच्या शाळेत चित्रकलेचा तास नेहमीसारखा झाला, नेहमीसारखं पाणी सांडलं, ते नेहमीसारखं कुणीच पुसलं नाही, आणि एकाही विद्यार्थिनीचं डोकं कशातही अडकलं नाही. शाळेची ही अधिकृत भूमिका आहे. मी शाळेचीच विद्यार्थिनी असल्यामुळे माझीही तीच आहे. खाली जे लिहिलं आहे ते, नेमकं काय काय घडलं नाही याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये, एवढ्यासाठीच.

आधी जागा सांगते. चित्रकलेचा वर्ग म्हणजे तळमजल्यावरची, जिन्यामागची खोली. तिथे एक बेसिन आहे, त्याचा मूळ रंग कोणता याबद्दल दोन मतं आहेत. लांब टेबलं आहेत, खिडकीपाशी एक टेबलफॅन आहे, तो उजवीकडे गेला की परत यायला कुरकुरतो. आणि दाराबाहेर, व्हरांडाभर, मोडकी बाकं रचलेली आहेत. दरवर्षी बाकं मोडतात, दरवर्षी ती तिथे येतात, आणि एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडून राहतात.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना 'मोठ्या' म्हणतात ते उंचीमुळे नव्हे. त्या आल्या की बाकीचे सगळे आपोआप लहान होतात, म्हणून. त्यांचा आवडता शब्द 'नाही'. काही मागायला त्यांच्या खोलीत गेलं की आपण उंबऱ्यात असतानाच 'नाही' समोर येऊन उभं राहतं. काय मागायला आलो होतो तेच विसरून कित्येक जण नुसतं 'नाही' घेऊन परत गेलेत.

तर मोठ्या बाईंनी ठरवलं, की यंदाचं प्रदर्शन झालं की चित्रकलेचा वर्ग बंद, आणि त्या खोलीत मोडकी बाकं. त्यांचं म्हणणं असं, की चित्रं मुलं घरीही काढू शकतात, बाकं काही घरी नेता येत नाहीत. आमच्या चित्रकलेच्या सरांना पुढल्या वर्षी खेळाचा तास मिळणार होता. सर जिना चढताना मध्यावर थांबतात, भिंतीवरचा सुविचार वाचल्यासारखं करतात, दम घेतात आणि मग पुढे जातात. तो सुविचार त्यांना तोंडपाठ आहे. अशा माणसाच्या हातात शिट्टी आधीच देऊन ठेवली होती. सरांनी ती वर्गातल्या खिळ्याला अडकवली होती आणि काम करता करता तिच्याकडे बघायचे, सासरी निघालेल्या मुलीने बांधलेल्या सामानाकडे बघावं तसे.

माझं म्हणाल तर, मला 'बरं' म्हटलं जातं असा तो एकच विषय होता. बाकीच्या विषयांचे शिक्षक माझ्याबद्दल आईशी बोलताना आधी आईला बसायला सांगतात.

वर्ग वाचवायचा उपाय सरांनीच काढला. प्रदर्शनात मधोमध मोठ्या बाईंचंच डोकं ठेवायचं. भलंमोठं, कागदाचं, रंगवलेलं. "स्वतःचं तोंड कुणाला नको असतं?" असं सर म्हणाले. बाई खूश होतील, आणि ज्या खोलीत आपलं डोकं जन्माला आलं तिच्यात बाकं कोंबायला त्यांचा हात धजणार नाही. काम माझ्यावर आणि टाचणीवर सोपवलं. टाचणी माझी मैत्रीण. ती बाकावर बसली तरी बाक रिकामंच वाटतं, पण तोंड उघडलं की टोचते, म्हणून टाचणी.

रीत साधी आहे. मोठा फुगा फुगवायचा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून त्यावर थरावर थर चिकटवायचे, वाळू द्यायचं, मग फुगा फोडून काढायचा. आत पोकळ, बाहेर टणक. सर म्हणाले, पुष्कळ माणसं अशीच तयार होतात, पण त्यांना प्रदर्शनात ठेवत नाहीत.

नाकावर आमचा बराच वेळ गेला. नाक मोठ्या बाईंचं असल्यामुळे कंजुषी करून चालणार नव्हतं. ते आम्ही लगद्याचं भरीव केलं, नुसत्या नाकपुड्या आरपार ठेवल्या, आणि बादलीतला लगदा तळाला गेला तेव्हाच थांबलो. मग हसू. ओठांवर हसू द्यावं असं माझं मत होतं. टाचणी म्हणाली, कसलं हसू? कुणी पाहिलंय का? आम्ही शिपाईकाकांना विचारलं, ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं. भाऊसाहेबांनी बराच विचार करून सांगितलं, की एकदा शिंक येता येता राहिली होती तेव्हा थोडं तसं वाटलं होतं. सर म्हणाले, जे पाहिलं नाही ते काढू नये. तेव्हा ओठ घट्ट मिटलेले ठेवले. नीट लक्षात असू द्या, डोक्याला तोंड होतं पण तोंडाला फट नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी डोकं अजून ओलं होतं. सर रंग आणायला बाहेर गेले आणि जाताना म्हणाले, "घाई करू नका." मी घाई केली नाही, फक्त ताईचा हेअरड्रायर आणला होता. टाचणीने तो लावला. डोक्याला ऊब मिळाली, फुग्यालाही ऊब मिळाली, आणि फुगा आतल्या आत फुटला. त्याचा आवाज असा आला, जसं मोठ्या बाईंना अचानक काहीतरी आठवलं.

मग त्यांचे गाल बसायला लागले. आधी डावा, मग उजवा. कपाळ खाली आलं. नाक जागेवरच राहिलं, त्याला कशाचीच फिकीर नव्हती, पण त्याच्या भोवतालचा चेहरा बघता बघता शंभरीचा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर हे ठेवलं असतं तर वर्ग तर गेलाच असता, सरांच्या हातात शिट्टीसुद्धा राहिली नसती.

आतून काहीतरी आधार द्यायला हवा होता. बादली घालून पाहिली, ती लहान. भूगोलाचा पृथ्वीचा गोल कपाटात, कपाटाला कुलूप. दुसरा फुगा नव्हता. काहीतरी डोक्यासारखं पाहिजे होतं. टाचणी माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

आता लोक म्हणतात, असा वेडेपणा कुणी करतं का? पण त्या क्षणी तो वेडेपणा नव्हता, मापाचा विचार होता. केस चिकटू नयेत म्हणून मी टॉवेल गुंडाळला. टॉवेल चिकटू नये म्हणून त्यावर ताईची अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली. तीही मी हेअरड्रायरबरोबर आणली होती, न विचारता, कारण विचारलं असतं तर आणता आली नसती. गळ्याची कडा ओली आणि मऊ होती. ती ताणली, कान दुमडले, आणि मी मोठ्या बाईंच्या डोक्यात शिरले.

आतून बोटांनी गाल बाहेर ढकलले. कपाळ वर उचललं. बाहेरून टाचणीने एका बाजूने हेअरड्रायर, दुसऱ्या बाजूने टेबलफॅन लावला. मोठ्या बाई हळूहळू तरुण होत गेल्या. काम अगदी शास्त्रशुद्ध चाललं होतं. कागद वाळला, कडक झाला, टाचणीने टिचकी मारली तर टक्क वाजला. मग मी बाहेर यायला निघाले, आणि माझ्या हनुवटीने साफ नकार दिला.

कारण सरळ आहे. आत जाताना गळा ओला होता, आता वाळला होता. ओल्या कागदातून डोकं आत जातं, वाळल्या कागदातून बाहेर येत नाही. हे पुस्तकात कुठेही दिलेलं नाही, आणि ते द्यावं असं मला वाटतं.

टाचणीने ओढून पाहिलं. माझा एक कान सोलवटला, हनुवटी खरचटली. बास, अपघात म्हणतात तो एवढाच. हवा भरपूर होती, गळ्याभोवती जागा होती, आणि समोर नाकपुड्या. आजपर्यंत मी जग डोळ्यांनी बघत होते. आता मोठ्या बाईंच्या नाकाने बघू लागले. त्यातून माणसं कमरेपासून गुडघ्यापर्यंत दिसायची. डाव्या बाजूला आतल्या वर्तमानपत्रावर राशिभविष्य वाचता येत होतं. माझ्या राशीला लिहिलं होतं, 'मोकळेपणाने वावरा.' वर्तमानपत्र कधीचं होतं ते काही कळलं नाही.

सर परत आले. दारात थांबले. समोर स्टुलावर शाळेचा गणवेश, वर मोठ्या बाई.

"कोण आहे आत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मी. आवाज आतल्या आत घुमून गळ्यातून बाहेर पडला. सर एक चक्कर मारून आले. गाल छान आलेत, म्हणाले. दुसऱ्या चकरेत त्यांना काय झालंय ते समजलं, आणि ते जाऊन नेमके त्या शिट्टीखाली बसले.

पण सर भला माणूस. त्यांनी आधी श्वास येतोय ना, दुखतंय का, पाणी पाहिजे का, ते विचारलं. ब्रशच्या दांड्याने नाकपुड्या अजून मोठ्या केल्या. एका नाकपुडीतून नळी घालून मला पाणी पाजलं. मग ताईला फोन केला. ताई हाडांच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालायचं आणि कापून काढायचं काम करते. ती म्हणाली, जोर लावून ओढू नका, ड्युटी संपली की येते. हेअरड्रायरबद्दलही काहीतरी म्हणाली, ते सरांनी मला सांगितलं नाही, नुसते 'बापरे' म्हणाले.

"मग तेवढ्यात मी रंग मारून घेतो," असं म्हणून सरांनी डबे उघडले. ताई येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी मला, म्हणजे त्यांना, चष्मा रंगवला, भुवया काढल्या, अंबाडा काळा केला. ओठांपाशी आले तेव्हा त्यांचा ब्रश थोडा घुटमळला, पण त्यांनी ते मिटलेलेच ठेवले.

रंगवताना सर म्हणाले, हलू नकोस हं. मी मान डोलावली, आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली. नाक भरीव. मी जरा पुढे झुकले, की ते नाक सगळं डोकं घेऊन खाली जायचं, आणि मी जोर लावून परत वर आणायची. बाहेरून बघणाऱ्याला ती भारदस्त संमती वाटायची. उलट मी 'नाही' म्हणून मान हलवली, की आत प्लास्टिकची टोपी गुळगुळीत फिरायची, माझं डोकं डावीउजवीकडे जायचं, आणि बाहेर मोठ्या बाई शांतपणे समोर बघत राहायच्या. खांद्यांसकट फिरून पाहिलं, तर ते 'नाही' न वाटता व्यायाम वाटला.

म्हणजे आम्ही मोठ्या बाईंचं एक असं डोकं तयार केलं होतं, ज्याला फक्त 'हो' म्हणता येत होतं.

सर ब्रश धुवायला बेसिनपाशी गेले असताना शिपाईकाका आले. ते बाकांसाठी खोलीचं माप घ्यायला आले होते. आत कोण आहे ते टाचणीने त्यांना सांगितलं. काका खूप हसले, टेप खिशात ठेवला. मला त्यांचे फक्त हात दिसत होते, ते एकमेकांत गुंतले.

"बाई," ते म्हणाले, "गेटवरच्या स्टुलाला पाठ नाही. पाहुण्यांच्या खोलीत एक खुर्ची नुसतीच पडून असते. माझी कंबर आता पहिल्यासारखी राहिली नाही."

मी सांगणार होते, की काका, अहो, मी आहे. पण ऐकायला म्हणून जरा पुढे झुकले, आणि नाकाने आपलं काम केलं.

"फार उपकार झाले, बाई," असं म्हणून काका गेले. पाच-दहा मिनिटांत ती खुर्ची गेटवर होती, गादीसकट. कुणी विचारलं तर ते सांगत होते, मोठ्या बाईंनी मान डोलावली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मधल्या सुट्टीत दारात रांग लागली. मी सगळ्यांना सांगत होते, की मी मोठ्या बाई नाही. सगळे म्हणत होते, माहीत आहे गं बाळा, तू बस निवांत. आणि मग डोक्याकडे वळून आवाज बदलून बोलायला लागत होते. भाऊसाहेबांना टेबल खिडकीपाशी हवं होतं, नाहीतर दिवसभर भिंतीशीच बोलावं लागतं. मिळालं. सातवीच्या मुलांना पावसात भिजलेलं मैदान वाळेपर्यंत गणित नको होतं. त्या दिवशी मैदान ठणठणीत कोरडं होतं, तरी मिळालं. टाचणी रांगेच्या टोकाला उभी राहून लोकांना 'मागणी थोडक्यात मांडा, मानेवर ताण येतोय' असं सांगत होती.

सगळ्यात शेवटी भूमितीच्या बाई आल्या. दाराकडे बघून घेतलं, आणि नाकपुडीपाशी वाकल्या.

"मला काही नको," त्या हळूच म्हणाल्या. "कधीतरी वर्गावरून जाताना, फळा बरा दिसतो, एवढं म्हणत जा."

तेव्हा नाक खाली गेलं ते वजनाने नव्हे. ते मी केलं.

इकडे वरच्या मजल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे खऱ्या, खिडकीतून खाली पाहिलं. गेटवर शिपाईकाका पाहुण्यांच्या खुर्चीत मागे रेलून बसले होते. बाई खाली गेल्या आणि ही परवानगी कुणी दिली, असं विचारलं. काका अदबीने उठून म्हणाले, "आपणच, बाई."

त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून आला तशी रांग विरघळली. उरलो सर, टाचणी आणि मी, म्हणजे अडीच माणसं आणि एक डोकं. मोठ्या बाई आत आल्या. मला त्यांच्या साडीच्या निऱ्या दिसल्या आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा. जुडगा वाजायचा थांबला.

"बाई, आत विद्यार्थिनी अडकलीय," सर म्हणाले. "लागलेलं नाही. कापायला माणूस येतंय."

"दिसतंय."

मी आतून म्हटलं, "बाई, मी मुद्दाम..."

"तू बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी हिच्याशी बोलतेय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या डोक्यासमोर बसल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. आरशातसुद्धा माणूस इतका वेळ बसत नाही.

"सकाळपासून बरीच कामं उरकलीस म्हणे."

नाक खाली गेलं.

"शिपायाला खुर्ची दिलीस. भाऊसाहेबांना खिडकी दिलीस."

नाक दोनदा खाली गेलं.

"माझ्याकडे इतक्या वर्षांत कुणी खुर्ची मागितली नाही." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मागितली असती तरी मी नाहीच म्हटलं असतं."

हे खरंच होतं, त्यामुळे त्यालाही मान डोलली. सरांच्या हातातून ब्रश टेबलावर पडलेला ऐकू आला.

"बरं, आता कामाचं बोलू," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते बेसिन तुंबतं. पाणी व्हरांड्यात येतं."

येतं. नाक खाली.

"मोडक्या बाकांच्या खिळ्यांनी मुलांचे कपडे फाटतात."

टाचणीचा गणवेश फाटलाय, तिच्या आईने माझ्याच समोर शिवलाय. नाक खाली.

"म्हणजे ही खोली बंद करून बाकं आत ठेवलीच पाहिजेत. बरोबर ना?"

मान सरळ ठेवणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा समजलं. सकाळपासून 'हो' म्हणून म्हणून मानेचा पार भुगा झाला होता. नाकात बादलीभर लगदा. ते म्हणत होतं चल खाली, सवयीने. मी आत दात आवळून 'नाही' म्हणून मान हलवत होते, डावीकडे, उजवीकडे, टॉवेल सुटेपर्यंत, आणि बाहेर मोठ्या बाई मोठ्या बाईंकडे अगदी प्रसन्न चेहऱ्याने बघत होत्या. नाकपुडीच्या एका कडेला सरांचा हात दिसला. तो खिळ्याकडे गेला होता. शिट्टी काढून घेत होता, बिचारा, आपल्या हातानेच.

नाक खाली यायला लागलं. अगदी थोडंसं.

मग मी दोन्ही हात वर केले, मोठ्या बाईंचे दोन्ही गाल धरले, आणि डोकं फिरवलं. आधी डावीकडे. नाकपुडी गेली, अंधार झाला. मग उजवीकडे, 'नाही' पुरं व्हावं म्हणून. पण जोर लागला होता जरा जास्त. डोकं उजवीकडे गेलं, तिथे थांबलं नाही, पुढे गेलं, आणि पार मागे जाऊन टॉवेलच्या पिळात अडकून बसलं. आता समोर अंबाडा होता आणि तोंड भिंतीकडे.

मोठ्या बाईंनी मोठ्या बाईंकडे पाठ फिरवली होती.

मला मैदा आणि रंगाचा वास येत होता, बाकी काळोख. मग एक आवाज आला. टाचणी आजही शपथेवर सांगते, की मोठ्या बाई हसल्या, दात दिसले, वरचे. सर म्हणतात, खुर्ची कुरकुरली. मला विचारू नका. आख्ख्या शाळेने वाट पाहिली त्या गोष्टीच्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर होते आणि माझं नाक भिंतीकडे होतं.

"इतकं स्पष्ट 'नाही' मलासुद्धा जमत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या. जवळ आल्या. कागदावरून बोट फिरल्याचा आवाज माझ्या कपाळासमोर आला.

"हा अंबाडा मागून असा दिसतो?"

"हुबेहूब, बाई," सर म्हणाले.

"रोज घालते. कधी दिसत नाही," त्या म्हणाल्या. रंग अजून ओला होता, त्यामुळे मला वाटतं बोट काळं झालं असणार.

तेवढ्यात ताई आली. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच तिने विचारलं, "माझा हेअरड्रायर कुठाय?" मग डोकं पाहिलं, मग मोठ्या बाईंना पाहिलं, मग परत डोकं. ताईने आयुष्यात पुष्कळ मोडलेली माणसं पाहिलीत, पण एकाच माणसाची दोन डोकी एका खोलीत पहिल्यांदाच पाहिली असावीत. तिने पर्समधून बोथट टोकाची मोठी कात्री काढली, प्लॅस्टर कापायची, आणि मला म्हणाली, "घरी चल, मग तुझं खरं डोकं बघते."

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. सांगितलं म्हणजे, घडलेलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा माझ्या कपाळावर राशिभविष्य उलटं उमटलं होतं. ताईने कानाला आणि हनुवटीला मलम लावलं, टोपी झटकून पर्समध्ये टाकली आणि हेअरड्रायर छातीशी धरून बसली. मोठ्या बाई मात्र कापलेल्या डोक्याकडे बघत होत्या. सर जागच्या जागी उभे, मुठीत शिट्टी.

"हे घडलेलं नाही," मोठ्या बाईंनी जाहीर केलं. "खोली बंद करायची तर वरती कारण कळवावं लागेल. कारण विचारायला वरून माणसं येतील. माणसं आली की हे कुणीतरी बोलणार. तेव्हा खोली आहे तशी राहील." हात पुढे केला. "ती शिट्टी आणा इकडे."

सरांनी शिट्टी दिली. तळहातावर तिचा ठसा उमटला होता. बाई गेल्यावर सर बेसिनपाशी गेले आणि कुणी न सांगता त्यातली जाळी काढून साफ करायला लागले. पाठ आमच्याकडे होती, आणि ते बराच वेळ साफ करत होते.

डोकं मोठ्या बाई घेऊन गेल्या. रद्दीत गुंडाळून, काखेत. प्रदर्शनात मधोमध रिकामं स्टूल राहिलं, त्यावर आमच्या दोघींच्या नावाची चिठ्ठी. पालकांपैकी कित्येकांना ते फार आवडलं. एका काकांनी तर स्टुलाला सर्व बाजूंनी फिरून मान डोलावली.

खुर्ची गेटवरच आहे. ती परत न्यायची तर ती कुणी दिली होती हे मान्य करावं लागेल, आणि ती कुणीच दिलेली नाही. भाऊसाहेब खिडकीपाशी बसतात आणि आता बाहेरच्या झाडाशी बोलतात. मैदान मात्र वाळलं असं ठरलं, गणित सुरू झालं. परवा मोठ्या बाई भूमितीच्या बाईंच्या वर्गावरून जाताना थांबल्या, फळ्याकडे बघून "वर्तुळ बरं आलंय," म्हणाल्या आणि जराशा रागावल्यासारख्या पुढे गेल्या. ते वर्तुळ अजून पुसलेलं नाही. आम्ही बाकीची सगळी भूमिती त्याच्या कडेकडेने शिकतोय.

शिपाईकाका सांगतात, की संध्याकाळी मोठ्या बाईंच्या खोलीतलं लोखंडी कपाट कधीकधी उघडं असतं, आणि बाई हातातला छोटा आरसा मागे धरून, मान वळवून, आपला अंबाडा आणि कपाटातला अंबाडा ताडून बघत असतात. काका हे कुणाला सांगत नाहीत. फक्त गेटवरून जाणाऱ्यांना सांगतात.

हे सगळं विचारात घेता माझी नम्र विनंती अशी: मुख्याध्यापिकांच्या कपाटात नसलेलं सदर डोकं बाहेर काढण्यात यावं, मागील चिरेस बिजागरी व कडी बसवण्यात यावी, आणि माननीय मोठ्या बाईंनी ते आठवड्यातून किमान एक दिवस, शाळेच्या वेळेत, स्वतः घालून आपल्या खुर्चीत बसावं. नाकपुड्या मोठ्या केलेल्या आहेत. टॉवेल अर्जदार पुरवेल. प्लास्टिकची टोपी ताईच्या मालकीची असल्याने तिची परवानगी स्वतंत्रपणे मागावी लागेल. ती मागताना डोकं घातलेलं नसावं.